घरातील दप्तर, पोथ्या आणि ध्वनिफिती यांचे डिजिटल जतन

महाराष्ट्रातील ज्या घराण्यांकडे पूर्वी कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण किंवा एखाद्या देवस्थानाची व्यवस्था होती, त्यांच्या माळ्यावर अथवा पेटीत आजही कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद, सुट्या पानांच्या पोथ्या, कीर्द-खतावण्या आणि वंशावळी सापडतात. त्यांच्या जोडीला गेल्या शतकातील छायाचित्रे असतात आणि आजीच्या ओव्यांच्या किंवा गावातील कीर्तनाच्या ध्वनिफितीही असतात. कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून रद्द झाली, तरी पुष्कळ कागद घरांतच राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्यानंतर अशा कागदांकडे अनेक कुटुंबांचे लक्ष नव्याने गेले आणि त्याबरोबर काही प्रश्नही वारंवार विचारले जाऊ लागले: मोबाइलवर काढलेली छायाचित्रे पुरेशी आहेत का, मूळ कागद नंतर ठेवण्याची गरज आहे का, ते कोणाकडे द्यावेत, इंटरनेटवर टाकले तर हक्क कोणाचा राहतो.

या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आढळतो, तो म्हणजे प्रतिमा घेतली की जतन झाले. वस्तुतः प्रतिमा घेणे ही तिसरी पायरी आहे. कागदांचा मूळ क्रम सांभाळणे ही पहिली आणि प्रत्येक कागदाची नोंद करणे ही दुसरी. या दोन पायऱ्या गाळून काढलेली हजारो छायाचित्रे काही वर्षांतच अशा अवस्थेला येतात, की कोणते पान कोणत्या कागदाचे आणि तो कागद कोणत्या घरातला, हे ती काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्याकडे नेमके काय आहे?

सर्वसाधारण बोलण्यात सर्व जुन्या लिखाणाला हस्तलिखित म्हटले जात असले, तरी संस्था आणि शासकीय योजना त्यात भेद करतात आणि हा भेद माहीत नसल्यामुळे अनेकांच्या फेऱ्या वाया जातात. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाच्या व्याख्येनुसार हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षांपूर्वीची, शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाची हाताने लिहिलेली रचना. म्हणजे ज्योतिष, वैद्यक, पुराण, अभंग, आख्यान अशा विषयांवरील पोथ्या. फर्माने, महसुली हिशेब यांसारखे प्रत्यक्ष व्यवहारातील कागद या व्याख्येत बसत नाहीत. ते अभिलेख, म्हणजे दप्तर, ठरतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेले ज्ञानभारतम् अभियानही एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व दस्तऐवजीकरण करण्यासाठी आहे. म्हणून आपल्याकडे पोथ्या असतील, तर हस्तलिखितांचे काम करणाऱ्या केंद्रांकडे विचारणा करावी. सनदा, महजर, वतनपत्रे, जमाखर्च आणि खासगी पत्रव्यवहार असेल, तर पुराभिलेख संचालनालय किंवा इतिहास संशोधन मंडळे यांच्याकडे जाणे सयुक्तिक ठरते. दोन्ही प्रकार एकाच पेटीत निघाले, तरी ती पेटी मात्र फोडू नये. का, ते पुढे येते.

कॅमेऱ्यापूर्वी नोंद

दप्तर उघडणाऱ्याला कागद तारखेनुसार लावण्याचा मोह होतो आणि तो आवरणे अत्यंत आवश्यक असते. ज्या रुमालात, ज्या क्रमाने कागद बांधलेले आढळतात, तो क्रम स्वतःच एक पुरावा असतो: एखाद्या तंट्याची फिर्याद, त्यावरील साक्षी आणि शेवटचा निवाडा हे तिन्ही एकत्र बांधलेले असतील, तर बिनतारखेच्या, निनावी साक्षीचा अर्थ केवळ त्या शेजारामुळे लागतो. ही सलगता एकदा मोडली, की ती परत जुळवता येत नाही. म्हणून रुमालाचे गाठोडे सोडण्यापूर्वी त्याचे बाहेरून छायाचित्र घ्यावे, त्यावर चिठ्ठी असल्यास तीही टिपावी, रुमालांना क्रमांक द्यावेत आणि आतील कागदांना जसे निघतील तसे अनुक्रमांक द्यावेत. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागील बाजूच्या कोऱ्या कोपऱ्यात, अगदी लहान अक्षरांत लिहावा. बॉलपेन, मार्कर किंवा चिकटपट्टी वापरू नये. कागद पेन्सिलही सोसणार नाही इतका जीर्ण असेल, तर त्याला स्वतंत्र कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवून क्रमांक त्या घडीवर लिहावा.

यानंतर प्रत्येक कागदाची नोंद एका तक्त्यात करावी. संगणकावरील साधी सारणी यासाठी पुरते. विशेष प्रणाली विकत घेण्याचे कारण नाही. तक्त्यात किमान पुढील रकाने असावेत:

- रुमाल क्रमांक आणि कागद क्रमांक
- कागदाचा प्रकार (सनद, पत्र, महजर, हिशेब, पोथी, कुंडली इत्यादी) आणि लिपी व भाषा
- कोणी, कोणाला आणि कोठून लिहिले, जितके वाचता येईल तितके
- कागदावर लिहिलेला मूळ काळ, जसा असेल तसा. आणि वेगळ्या रकान्यात त्याचे इसवी सनात केलेले रूपांतर
- लांबी-रुंदी, पानांची संख्या, शिक्के, फाटणे, कसर लागणे, डाग
- कागद कोणाच्या ताब्यात, कोणत्या गावी मिळाला आणि घरात तो कसा आला याविषयी घरातील माणसे काय सांगतात
- नोंद करणाऱ्याचे नाव व नोंदीची तारीख

या यादीतील सहावा रकाना सर्वांत अधिक दुर्लक्षित राहतो आणि सर्वांत आधी नष्ट होतो, कारण ती माहिती कागदावर नसून घरातील वृद्ध माणसांच्या स्मरणात असते. शाई आणखी पन्नास वर्षे टिकेल. दप्तर पणजोबांनी कोणत्या गावाहून आणले, हे जाणणारी आत्या तेवढी थांबू शकत नाही. त्यामुळे वेळ अपुरा असेल, तर आपण आधी घरातील ज्येष्ठांशी बोलून हा रकाना भरावा आणि छायाचित्रण पुढे ढकलावे. कौटुंबिक छायाचित्रांनाही हाच नियम लागू आहे: प्रत्येक छायाचित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार, नाते आणि माहेरच्या नावासह लिहून घ्यावीत.

काळाच्या रकान्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण येथील चुका पुढे छापील वंशावळींत आणि गावांच्या इतिहासांत शिरतात. मोडी कागदांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, फसली सन, हिजरी सन आणि सुहूर सन अशा अनेक कालगणना आढळतात. शालिवाहन शकात साधारणपणे ७८ मिळवले की इसवी सन येतो. फसली सनात ५९० किंवा ५९१, तर सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. ही दोन्ही वर्षे मृगापासून, म्हणजे मे अखेर किंवा जूनच्या आरंभी सुरू होत असल्यामुळे महिना पाहिल्याशिवाय नेमका आकडा ठरत नाही. शिवाय सुहूर सन पुष्कळदा आकड्यांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२, अर्थात इसवी सन १७७१-७२. रूपांतर चुकण्याची शक्यता नेहमीच राहते, म्हणूनच मूळ शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवणे हे रूपांतरापेक्षा महत्त्वाचे आहे.

हाताळणी

जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद काजळीच्या शाईसह शतकानुशतके टिकलेला दिसतो. त्याची हानी बहुतेक वेळा दमट हवा, कसर, वाळवी आणि सद्‌हेतूने केलेले उपचार यांमुळे होते. पुढील गोष्टी आपण कटाक्षाने टाळाव्यात:

- लॅमिनेशन. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुढे कागदापासून सुरक्षितपणे वेगळे करता येत नाही आणि कागदाचा ऱ्हास आतल्या आत चालूच राहतो.
- सेलोटेप. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांत उतरतो. फाटलेला कागद तसाच घडीत ठेवावा. जोडण्याचे काम प्रशिक्षित संवर्धकाकडे सोपवावे.
- ओले फडके, ऊन आणि डांबरगोळ्या. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी. वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला वापरावयाचा असल्यास तो कापडी पुरचुंडीत, कागदाला स्पर्श होणार नाही असा ठेवावा.
- पानांवर हळद-कुंकू. दसऱ्याच्या सरस्वतीपूजनात पोथीची पूजा करण्याची रीत अवश्य पाळावी, परंतु हळद-कुंकू व फुले वरच्या वेष्टनावर किंवा पाटावर वाहावीत.

जुना रंगीत रुमाल ओल लागताच रंग सोडतो; म्हणून तो नोंद करून वेगळा जपावा आणि कागद धुतलेल्या, बिनरंगी मांजरपाटात बांधावेत. घट्ट चिकटलेली पाने किंवा न उलगडणारी गुंडाळी जबरदस्तीने सोडवू नये. प्रतिमा न मिळालेला कागद नंतर कधीतरी मिळू शकतो, तुकडे झालेला मिळत नाही.

प्रतिमा कशी घ्यावी

प्रतिमेचा सूक्ष्मपणा दर इंची बिंदूंमध्ये मोजतात. लिखाणासाठी किमान ३०० आणि बारीक अक्षरांसाठी ४०० ते ६०० बिंदू असावेत. १२ मेगापिक्सेलचा साधा मोबाइल कॅमेरा ए-४ आकाराचा कागद पूर्ण चौकटीत बसवून टिपला, तर इंचाला ३०० हून थोडे अधिक बिंदू देतो. त्यामुळे महागडे यंत्र नाही म्हणून काम थांबवण्याचे कारण नाही. सुस्थितीतील सुटे कागद सपाट स्कॅनरवर घेता येतात, मात्र शिवलेल्या वह्या, ठिसूळ पोथ्या आणि मेणाचे शिक्के असलेले कागद स्कॅनरवर दाबू नयेत. ज्या यंत्रात कागद आत ओढला जातो, ते तर जुन्या कागदासाठी कधीच वापरू नये.

कॅमेरा स्टँडवर, कागदाला अगदी समांतर लावावा. दोन्ही बाजूंनी तिरका, सारखा प्रकाश घ्यावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि कागदाशेजारी मोजपट्टी व क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. कागदाच्या चारही कडा चौकटीत दिसल्या पाहिजेत. मोबाइलमधील ‘स्कॅनर’ ॲप कडा कापतात, पार्श्वभूमी पांढरी करतात आणि लिखाण गडद करतात. परिणामी पुसट शिक्के, समासातील शेरे आणि पाणचिन्हे नाहीशी होतात. म्हणून जतनासाठी साधा कॅमेराच वापरावा.

प्रत्येक कागदाची मागील बाजूही टिपावी, ती कोरी दिसत असली तरी. पत्राचा पत्ता, पोचल्याची तारीख, दप्तरदाराचा शेरा बहुधा पाठीवर असतो. लांब कागद जेथे जोडलेले असतात, तेथे जोडाच्या पाठीमागे शिक्का किंवा खूण असू शकते आणि कागद अस्सल की नक्कल हे ठरवताना तिचा उपयोग होतो. मोठी वंशावळ किंवा नकाशा असेल, तर आधी संपूर्ण दृश्य घ्यावे आणि नंतर एकमेकांवर सुमारे पाव भाग येईल अशा बेताने तुकड्यातुकड्याने टिपावे.

कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल ही मूळ प्रत मानावी व तिच्यावर कोणतेही संपादन करू नये. उजळवणे, फिरवणे, लहान करणे हे सर्व दुसऱ्या प्रतीवर करावे. स्कॅनर वापरत असल्यास मूळ प्रत टिफ या स्वरूपात ठेवावी, कारण त्यात माहिती गाळली जात नाही. जेपेग स्वरूपात फाइल लहान करण्यासाठी काही तपशील कायमचा टाकून दिला जातो. मोबाइलने आधीच जेपेग दिली असेल, तर तिचे टिफमध्ये रूपांतर केल्याने गेलेला तपशील परत येत नाही, तेव्हा ती आहे तशीच जपावी. पीडीएफ ही वाचण्याच्या सोयीची प्रत आहे. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा आकुंचित होते. पाठवावीच लागली, तर दस्तऐवज म्हणून पाठवावी. फाइलच्या नावात रोमन लिपीतील अक्षरे आणि अंक वापरून गाव, रुमाल, कागद, पान व बाजू हा क्रम पाळावा, म्हणजे जुन्या संगणकावरही नावे बिघडणार नाहीत आणि फाइली आपोआप दप्तराच्या क्रमाने लागतील.

ध्वनिफिती आणि ओव्या

कागदापेक्षा ध्वनिफितीचे आयुष्य पुष्कळच कमी असते आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. म्हणून घरात दोन्ही असतील, तर ध्वनिफिती आधी हाती घ्याव्यात. फितीवरील चुंबकीय थर सुटत असल्यास प्रत्येक वाजवणे हानिकारक ठरते, म्हणून पहिल्याच वादनाच्या वेळी ध्वनिमुद्रण करण्याची पूर्ण तयारी ठेवावी. यंत्राचे मुख स्वच्छ करावे, कॅसेटच्या वरच्या कडेवरील दोन्ही छोटे कान मोडून तिच्यावर चुकून काही नोंदले जाणार नाही याची खात्री करावी, बुरशी दिसल्यास ती वाजवू नये. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या मापाने घ्यावी; दोन वाहिन्यांच्या एका तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. एमपी-३ ही केवळ ऐकण्याची प्रत समजावी. खरखर काढण्याचा प्रयोग मूळ प्रतीवर करू नये, कारण जात्याची घरघर काहींना अडथळा वाटली तरी ओवीच्या लयीचा आधार तीच असते.

नव्याने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसमोर हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचा आदर्श आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संस्थेतर्फे लोकांसमोर येत आहे. त्याचे मोल संख्येइतकेच त्यातील नोंदींमध्ये आहे, कारण गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव तिच्या ओवीपासून तोडलेले नाही. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असा शेरा मारून समोर बसून गाणाऱ्या स्त्रीला निनावी करणे हा तिच्यावर अन्यायच होय. आपण ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच गाणारीचे नाव, गाव, तारीख आणि ती ओवी कोणाकडून शिकली हे तिच्याच आवाजात घ्यावे. तिची संमतीही तेथेच नोंदवावी आणि ध्वनिमुद्रण घरापुरते आहे, संशोधनासाठी आहे की सर्वांसाठी खुले होणार आहे, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगावे.

फाइली कोठे आणि किती

१००० कागदांच्या दोन्ही बाजू ए-४ आकारात ३०० बिंदूंनी टिफमध्ये घेतल्या, तर सुमारे ५२ जीबी जागा लागते. म्हणजे एका सामान्य हार्ड डिस्कवर मोठे दप्तरही सहज मावते. प्रश्न जागेचा नसून प्रतींचा आहे. सर्वमान्य नियम असा, की तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक वेगळ्या गावी असावी. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने पुण्यातील नदीकाठच्या पेठा किंवा जुलै २०२१ च्या पुराने चिपळूण ज्या प्रकारे पाण्याखाली गेले, ते पाहता एकाच कपाटातील तीन डिस्क या एकच प्रत समजाव्यात.

- पेनड्राइव्ह आणि सीडी-डीव्हीडी यांवर दीर्घकाळ विसंबू नये. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडून पाहावी आणि साधारण पाच वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत करावी.
- प्रत करताना फाइल बिघडली नाही ना हे पाहण्यासाठी तिच्यावरून संगणकाने काढलेली अक्षर-अंकांची खूण, म्हणजे ‘चेकसम’, तक्त्यात नोंदवावी. फाइलमधील एक बिट बदलला, तरी ही खूण बदलते; ती काढण्याची मोफत साधने उपलब्ध आहेत.
- ऑनलाइन साठवण वापरत असल्यास खात्याचा वारस ठरवावा. गूगलच्या धोरणानुसार सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आतील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. अशा वेळी माहिती कोणाला मिळावी हे आधी सांगून ठेवण्याची सोय त्याच खात्यात असते.
- नोंदींचा तक्ता प्रत्येक प्रतीसोबत ठेवावा आणि त्याची छापील प्रत मूळ रुमालातही घालावी.

लिप्यंतर

मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करताना मूळ ओळींची लांबी, शुद्धलेखन आणि संक्षेप तसेच ठेवावेत. न लागलेली अक्षरे टिंबांनी व शंकास्पद वाचन प्रश्नचिन्हाने दाखवावे. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये स्थान आहे, तरी वाचकांच्या सोयीसाठी देवनागरी पाठच करणे इष्ट. संगणकीय साधनांनी दिलेले वाचन जाणकाराने तपासेपर्यंत कच्चा खर्डाच मानावा, विशेषतः नावे, जाती आणि रकमा यांबाबत.

हक्क: कागद एकाचा, मजकूर दुसऱ्याचा

कागदाची मालकी आणि त्यावरील मजकुराचा प्रताधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांना आलेले पत्र आपल्या घराचे असते, पण त्यातील मजकुराचा प्रताधिकार ते लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा असतो.

- प्रकाशित लेखन. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे मोजली जाते, म्हणून विसाव्या शतकातील साहित्यिकांची किंवा कार्यकर्त्यांची अप्रकाशित पत्रे छापण्यापूर्वी त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. पेशवाईतील कागदांबाबत व्यवहारात हा प्रश्न उद्भवत नाही.
- छायाचित्रे. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणाऱ्याचा असतो.
- गाणारे व सांगणारे. गायक, वादक, व्याख्याता यांना ‘प्रयोगकर्ता’ म्हणून स्वतंत्र हक्क असून तो ५० वर्षे टिकतो. संमतीविना ध्वनिमुद्रण हा त्याचा भंग होय. श्रेय मिळण्याचा नैतिक हक्कही २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना मिळाला आहे.
- वाचनालये. नफा न मिळवणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळ असलेल्या पुस्तकाची जतनापुरती डिजिटल प्रत ठेवता येते. ती सर्वांसाठी इंटरनेटवर खुली करण्याची मुभा मात्र त्यातून मिळत नाही.
- खुला परवाना. विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी प्रतिमा देताना जो मुक्त परवाना दिला जातो, तो नंतर मागे घेता येत नाही आणि त्यात व्यावसायिक वापरही येतो. भाऊबंदांची सामाईक मालकी असेल, तर सर्वांची, आणि देवस्थानाचे कागद असतील, तर विश्वस्तांची लेखी संमती आधी घ्यावी.

कायद्याने मुभा असली, तरी प्रत्येक कागद खुला करणे योग्यच असते असे नाही. वंशावळीतील दत्तकविधान, बहिष्काराचे निवाडे, कर्जखते यांत आज हयात असलेल्या कुटुंबांना मनस्ताप होईल असा मजकूर असतो. तो नोंदीत पूर्ण ठेवावा, परंतु प्रकाशित करण्याचा निर्णय संबंधितांशी बोलून घ्यावा.

मूळ कागद कोणाकडे ठेवावेत

प्रतिमा झाल्यावर मूळ कागद विसर्जित करण्याचा किंवा रद्दीत घालण्याचा विचार कोणी केला, तर त्याला निक्षून विरोध करावा. कागदाचा पोत, शाई आणि शिक्क्याची खोली प्रतिमेत येत नाही. न्यायालयातही अस्सल कागदाची जागा छायाचित्र घेऊ शकत नाही. ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून सादर झाला, तर तो अस्सल असल्याचे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला आहे, आणि ‘योग्य ताबा’ सिद्ध करण्यास वर सांगितलेला नोंदींचा तक्ता साहाय्यभूत ठरतो.

पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित अथवा दस्तऐवज ‘पुरावशेष’ ठरतात. ते घरात बाळगणे हा गुन्हा नाही; सचित्र हस्तलिखितांची मात्र नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. असा मूळ कागद परदेशी नेण्यास किंवा टपालाने पाठवण्यास मनाई असून त्यासाठी कारावासाची तरतूद आहे. परदेशात स्थायिक झालेल्या भावंडांनी घराण्याच्या पोथीची मागणी केली, तर त्यांना उत्तम प्रतिमा आणि नोंदींचा तक्ता पाठवावा. मूळ पोथी येथेच ठेवावी.

घरात सांभाळ शक्य नसेल, तर तीन मार्ग आहेत. संस्थेला केवळ प्रतिमा घेऊ देणे आणि मूळ परत घेणे हा पहिला. मालकी स्वतःकडे ठेवून कागद ठेव म्हणून देणे हा दुसरा. आणि कायमचे दान हा तिसरा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून, तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून कार्यरत आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, तसेच राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर आदी ठिकाणची अभिलेखागारे आहेत. गोव्यातील कुटुंबांनी पणजीच्या अभिलेखागाराकडे चौकशी करावी. तंजावरच्या मराठ्यांशी संबंधित कागद असतील, तर तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दप्तराचा मोठा संग्रह असल्यामुळे संदर्भ जुळवण्यास तेथे मदत होऊ शकते.

५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्याने मान्यवर संस्थाही संकटापासून मुक्त नसतात हे दाखवून दिले. म्हणून दान देतानाही प्रतिमांचा पूर्ण संच घरी ठेवावा. तोंडी आश्वासनावर कागद सोपवू नयेत. पुढील बाबींचा उल्लेख असलेले दानपत्र किंवा ठेवपत्र दोन्ही पक्षांच्या सह्यांनी करावे:

- कागदांची क्रमांकवार यादी आणि संग्रहाला द्यावयाचे घराण्याचे नाव
- संग्रह एकत्र ठेवला जाईल, मूळ क्रम मोडला जाणार नाही ही अट
- प्रतिमा किती दिवसांत होतील, त्यांचा एक संच कुटुंबाला विनामूल्य मिळेल का, अभ्यासकांना त्या कोणत्या अटींवर पाहता येतील
- काही कागद ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवावयाचे असल्यास त्यांचे क्रमांक व ती मुदत
- संस्था बंद पडल्यास किंवा तिला संग्रह नकोसा झाल्यास तो कोणाकडे जाईल
- ठेव असल्यास ती परत घेण्याची पद्धत

संस्थेच्या माणसांनी दप्तर नेण्यापूर्वी यादीतील प्रत्येक क्रमांक त्यांच्यासमोर ताडून पाहावा आणि यादीच्या प्रत्येक पानावर पोच म्हणून सही घ्यावी. ती यादी व पत्राची प्रत आपल्या तिन्ही डिजिटल प्रतींत समाविष्ट करावी.